लिंकलेटरांच्या किटलीची काजळी

नवरा निवृत्त झाला की बायकोचं काय होतं, यावर कोणी बोलत नाही. सगळे त्यालाच विचारतात, "मग काय दीनानाथ, आता वेळ कसा घालवणार?" मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की माझ्या स्वयंपाकघरात घालवणार आहेत.

जन्मभर विनिपेगच्या वीज खात्यात इंजिनियर म्हणून राबलेला माणूस. घरी बसल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी माझा मिसळणाचा डबा रीऑर्गनाइज केला. मी सवयीनं मधल्या वाटीत चमचा घातला आणि हळदीऐवजी चमचाभर मोहरी आमटीत गेली. "मोहरी रोज सगळ्यात आधी लागते, म्हणून ती मधे," दीनानाथ म्हणाले, "साधं लॉजिक आहे, शुभदा." मग डब्यांना लेबलं लागली. मग कुकरची शिट्टी पूर्ण झाली की अर्धी, यावर चर्चा व्हायला लागल्या. आणि मी कणीक मळायला घेतली की हे मागे येऊन उभे राहणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, "पाणी जास्त झालंय."

हे एक वाक्य माझ्या असं काही डोक्यात जायचं, की परात उचलून द्यावी यांच्या हातात आणि आपण निघून जावं ओकव्हिलला लेकीकडे. पण लेकीचा काँडो एवढासा. शिवाय चूक नसताना मी का जायचं? स्वयंपाकघर माझं होतं. जायचं तर यांनी जायचं.

म्हणून मी जागा शोधायला लागले. वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद दिसला. लिंकलेटर हाऊस नावाच्या जुन्या घराला वॉलंटियर हवे होते. गाडीनं अर्धा तास, शहराच्या बाहेर, गव्हाच्या शेतांच्या मधोमध. यांना मी सांगितलं, "तिथं लाकडी सांध्यांचं काम काय सुरेख आहे म्हणतात." मला सांधे म्हणजे गुडघ्यातलेच माहीत. पण मासा गळाला लागला.

घर पाहिलंत तर म्हणाल, हे एवढंच? चौकोनी तासलेल्या ओंडक्यांचं, फटींत चिखल आणि पेंढा लिंपलेलं, एका खोलीचं घर. त्यातच चूल, त्यातच पलंग, त्यातच पाळणा. पण ते उभं आहे जुन्या गाडीवाटेवर. रेल्वे येण्याआधी या माळरानातून बैलगाड्यांचे तांडेच्या तांडे जायचे, फरची कातडी आणि सुकवलेलं मांस लादून. वाटेत लिंकलेटरांच्या घरी थांबायचे, चहा प्यायचे आणि पुढे निघायचे. आता गवतात दोन चाकोऱ्या उरल्यात. त्याही दीनानाथांनी बोट दाखवल्याशिवाय दिसत नाहीत.

ते तर वेडेच झाले त्या घरापायी. जाकीट, गॅलिस, वाटोळी हॅट असा पोशाख मिळाला. भुसावळच्या माणसाला तो काय दिसत असेल ते जाऊ दे. सकाळी निघायचे ते संध्याकाळी उगवायचे, आणि आल्यावर बोलायचे ते फक्त ओंडक्यांबद्दल. मी हळद परत मधल्या वाटीत आणली. लेबलं ओल्या फडक्यानं काढून टाकली. दुपारी एकटीनं थालीपीठ लावलं, पाणी हवं तेवढं घातलं, आणि गरम गरम खाल्लं. इतकं सुख मला या देशाचं नागरिकत्व मिळालं तेव्हाही झालं नव्हतं.

मग यांनी गाडीला तेल घातलं.

घरासमोर एक जुन्या धर्तीची लाकडी गाडी असते. तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा नाही. लाकडावर लाकूड घासून ती अशी काही किंचाळते, की ऐकणाऱ्याचे दात आंबतात. लोक ते किंचाळणं ऐकायलाच येतात, कारण पूर्वी म्हणे गाड्या दिसायच्या आधी कोसभरावरून ऐकू यायच्या. दीनानाथांना ते सहन झालं नाही. इंजिनियर माणूस, करकर ऐकली की हात शिवशिवायला लागतात. माझी खोबरेलाची बाटली पळवून त्यांनी दोन्ही चाकांना निगुतीनं तेल घातलं. शनिवारी शाळेची मुलं आली, गाडी ओढली, आणि गाडी लोण्यासारखी निघून गेली. मुलं कानावर हात ठेवून तशीच उभी.

तिथली मॅनेजर ओक्साना म्हणून आहे. उंच, गोरी, वेणी घातलेली, स्वभावानं गरीब. तिनं दीनानाथांना बाजूला घेतलं. "दीना, तुमचा उत्साह आम्हाला फार मोलाचा वाटतो," ती म्हणाली. एवढी वर्षं इथं काढल्यावर मला कॅनडातली रागावण्याची पद्धत कळते. मोलाचा वाटतो म्हणाले की समजायचं, पुढच्या वेळी हकालपट्टी. "इथं आपल्याला काही सुधारायचं नसतं," ती पुढे म्हणाली, "आहे तसं ठेवायचं असतं. पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दीनानाथांनी घरी येऊन हे सांगितलं. मी त्यांना माझ्या आईची शपथ घातली की यापुढे तिथल्या कशालाही हात लावायचा नाही. त्यांनी लावलाही नाही. लावला तो मी.

झालं असं, की एका गुरुवारी हे डबा घरीच विसरून गेले. मी माझी गाडी काढली आणि डबा पोचवायला गेले. ओक्सानाची सुट्टी होती. दीनानाथ लांब शेताच्या कडेला काही पाहुण्यांना चाकोऱ्या दाखवत होते, हातवारे पाहून लक्षात आलं की अजून बराच वेळ चालणार. मी आत जाऊन बसले. बसले आणि चुलीकडे नजर गेली.

चुलीवर साखळीला टांगलेली एक किटली होती. काळीकुट्ट. काजळीचे थरच्या थर, वर ओशटपणा, वर धूळ. समोर पाटी, की ही लिंकलेटर कुटुंबाची मूळ किटली असून गाड्यांच्या काळापासूनची काजळी तिच्यावर तशीच आहे, कृपया हात लावू नये. पाटी मी वाचली. वाचली नाही असं मी म्हणत नाही. पण पाट्या पाहुण्यांसाठी असतात, आणि मी पाहुणी नव्हते, माझा नवरा तिथं होता.

मी नुसतं नखानं एका जागी खरवडून पाहिलं. आत तांबं.

आता सांगा, तांब्याचं भांडं, चुलीत ढीगभर राख, दारात हातपंप, डब्यात यांच्या वरणभातासाठी दिलेलं लिंबू, पुडीत मीठ, आणि बाईमाणूस रिकामं बसलेलं. कोण गप्प बसेल? कोपऱ्यात गोणपाटाचा तुकडा पडला होता तोही घेतला. आधी राखेनं, मग लिंबामिठानं, मग परत राखेनं. हाताचे तुकडे पडले. पण त्या किटलीनं असं रूप काढलं म्हणून सांगू, आमच्या माहेरचा बंब दिवाळीला घासल्यावर दिसायचा तसं. परत साखळीला टांगली तर खोलीत उजेड पडला.

दीनानाथ घाम पुसत आत आले. डबा बघून खूश झाले, बाकावर बसले, पहिला घास घेतला आणि वर पाहिलं. घास तसाच गालात राहिला.

"शुभदा, हे काय केलंस?"

"घासली."

"अगं, ती काजळी म्हणजे इतिहास होता. दीडशे वर्षांची होती ती."

"दीडशे वर्षं कोणी घासली नाही, हे काय सांगत सुटण्यासारखं आहे? लाज वाटली पाहिजे."

ते ओरडले नाहीत. ते पलंगावर जाऊन बसले, ज्याच्यावर बसायला त्यांनी स्वतः शेकडो लोकांना मनाई केली असेल. "रविवारी मिस लिंकलेटर येतेय," ते म्हणाले. "या घरातली शेवटची. नव्वदी उलटलीय, ब्रिटिश कोलंबियाहून विमानानं येतेय हे घर बघायला. पेपरवाला येणार, रीव्ह येणार." रीव्ह म्हणजे आपल्याकडचा सरपंच. "संपलं सगळं. ओक्साना मला काढणार. काढू दे. मी आपला घरी बसेन. तुला स्वयंपाकात मदत करेन."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "उठा," मी म्हटलं. "काजळीच हवी ना? काजळी करू."

शालीत गुंडाळून किटली घरी आणली. दीनानाथांनी ती मागच्या अंगणात बार्बेक्यूवर चढवली. तासाभरानं नुसती तापली, काळी काही होईना. "गॅसचं ज्वलन पूर्ण होतं," ते मान हलवत म्हणाले, "कार्बन सुटतच नाही." जसं काही गॅसनंच दगा दिला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्षरा झाली तेव्हा माझी आई बाळंतपणाला इथं आली होती, आणि बाळाला बाजारचं काजळ नको म्हणून तिनं एरंडेलाचा दिवा लावून तांब्याच्या ताम्हनावर काजळ धरलं होतं. स्मोक अलार्म वाजून अख्ख्या अपार्टमेंटचे लोक खाली उतरले होते.

फार्मसीतून एरंडेल आणलं. गणपतीच्या खोक्यातली सगळी निरांजनं काढली. गराजचं दार उघडं टाकलं, खाली निरांजनं मांडली आणि दीनानाथ ओव्हनचे हातमोजे घालून किटली त्यावर धरून उभे राहिले.

"डावीकडे कमी आहे," मी म्हणायची.

"तू वाती जाड केल्यायस."

"वाती मी चाळीस वर्षं करतेय. तुम्ही हात हलवू नका."

"हात भरून आलाय, शुभदा."

"मोहरी हलवताना नव्हता भरून आला तो."

तेवढ्यात अक्षराचा व्हिडिओ कॉल आला. "आई, व्हाय इज बाबा वरशिपिंग अ केटल?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओह माय गॉड, जस्ट टेल देम द ट्रुथ." या मुलांना सगळं सोपं वाटतं. बाप दिवसभर हिच्या स्वयंपाकघरात उभा राहणार असता तर कळलं असतं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत किटली मखमलीसारखी काळी झाली. खरं सांगते, आधीपेक्षा सरस दिसत होती. फक्त एकच होतं, बोट लावलं की बोट काळं व्हायचं. काजळच ते, त्याचं कामच लागणं. दीनानाथांना त्यावर वार्निश मारायचं होतं, मी मारू दिलं नाही. "हात लावू नये अशी पाटी आहे ना?" मी म्हटलं. "मग कोण लावतंय हात?" माझ्याशिवाय पाटी न जुमानणारं दुसरं कोणी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी मी पण गेले. किटली सकाळी लवकर टांगून झाली होती. ओक्सानानं इस्त्रीचा झगा घातला होता. रीव्ह आले, पेपरवाला आला, बरेच लोक जमले. मग व्हॅनमधून मिस लिंकलेटर उतरल्या. एवढ्याशा, वाकलेल्या, वॉकर धरून, पण नजर अशी की समोरच्यानं शर्टाची बटणं तपासावीत. दारात थांबल्या, आत आल्या, चारी भिंतींवर नजर फिरवली. मग चुलीसमोरची दोरी वॉकरनं बाजूला ढकलून सरळ किटलीकडे गेल्या आणि दोन्ही हातांनी ती कुरवाळली.

दीनानाथांनी माझा दंड घट्ट धरला.

म्हाताऱ्या बाईंना भरून आलं. त्यांनी डोळे पुसले. दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटली. ओक्साना गहिवरून पुढे झाली, त्यांनी तिला मिठी मारली, तिच्या गालावर पाच बोटं उठली. रीव्हनी हात मिळवला आणि मग नाक खाजवलं. पेपरवाल्यानं कॅमेरा रीव्हच्या हातात धरायला दिला आणि परत घेऊन डोळ्याला लावला. बाई बाकावर टेकल्या तशी एकीनं आपलं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि ती फोटो काढायला लागली, ते बाळ तर कपाळाला तीट लावल्यासारखं दिसायला लागलं. तेवढं एक मला बरोबर वाटलं.

मग ओक्सानानं आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटं हुंगली. आणि ती सावकाश आमच्याकडे वळली. "दीना?"

"मी केलं," दीनानाथ म्हणाले. "किटली मी घासली. मग परत काळी केली. सगळी चूक माझी."

मला खरं म्हणजे गप्प बसायचं होतं. पण हा माणूस, ज्याचा जीव त्या घरात अडकला होता, तो माझ्यासाठी ते घर सोडायला निघाला होता. मला त्यांची माया आली आणि त्यामुळे भयंकर राग आला.

"खोटं बोलतायत हे," मी म्हटलं. "घासली मी. आणि घासायलाच हवी होती."

"तू मधे पडू नकोस, शुभदा."

"का नको? तुम्ही डबा विसरला नसतात तर मी आले असते का इथं?"

"डबा देऊन परत जायचं होतं. माणसं डबा देऊन परत जातात."

"आणि माणसं तेलाची बाटली बायकोला विचारून नेतात."

हे मराठीतून चाललं होतं, आणि आवाज चढले होते. गाडी, मोहरी, वाती, सगळं निघालं. दीडशे वर्षांच्या त्या घरात लोक कोंडाळं करून उभे, तोंडं काळी, आणि कोणी हलेना. आम्ही काय बोलतोय ते मिस लिंकलेटर ओक्सानाला विचारत होत्या, आणि तिला काय कळणार, कप्पाळ. शेवटी मीच इंग्रजीत सांगितलं, लिंबामिठापासून एरंडेलापर्यंत.

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"पोरांनो," ती म्हणाली, "ही आमची किटली नाहीच. आमची खरी किटली माझ्या खिडकीत आहे, तिच्यात मी जिरेनियमचं रोप लावलंय. हे घर लोकांना दाखवायला उघडलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे जुनी किटली मागितली. आई ती देईना. मग मी आणि माझ्या भावानं एका शेतावरच्या लिलावात ही घेतली. चकचकीत होती. त्या गोठ्यामागे शेकोटी करून, डुकराची चरबी लावून लावून आम्ही ती काळी केली. दिवसभर भांडत होतो. तो म्हणायचा तू डाव्या बाजूला चरबी कमी लावलीस."

लोक आपापल्या काळ्या बोटांकडे बघायला लागले. ओक्साना पाटीकडे बघत होती.

"तो गेला," बाई म्हणाल्या. "मी आत आले आणि त्याची किटली दिसली म्हणून रडू आलं. पण खरं सांगू का, मला हे घर आवडलं नव्हतं. केवढं शांत करून ठेवलंय. आमच्या घरात कोणी कधी गप्प बसलं नाही. हे दोघं भांडायला लागले तेव्हा वाटलं, हां, आले आपल्या घरी." आणि ओक्सानाकडे वळून त्या म्हणाल्या, "एरंडेल मात्र चरबीपेक्षा छान बसलंय. या दोघांना घालवू नकोस."

माझा जीव भांड्यात पडला. दीनानाथ राहणार, माझं स्वयंपाकघर वाचलं. मी आनंदाच्या भरात "या दोघांना" हे शब्द नीट ऐकलेच नाहीत.

ओक्सानानं ऐकले होते. लोक आमचं भांडण बघायला थांबले होते, तेही तिनं पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यापासून मला डोक्याला बांधायचं बॉनेट, झगा आणि ॲप्रन मिळाला. आता आम्ही लिंकलेटर हाऊसमधलं वसाहतीच्या काळातलं जोडपं आहोत. मी चुलीपाशी बॅनक भाजते. बॅनक म्हणजे इथली जाड भाकरीच, फक्त मैद्याची. आणि दीनानाथ माझ्या मागे उभे राहतात, कारण एका खोलीच्या घरात दुसरीकडे उभं राहायला जागाच नाही. चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "पाणी जास्त झालंय." मी उलटून बोलते. लोकांना एक अक्षर कळत नाही, पण टाळ्या वाजवतात. एक बाई जाताना ओक्सानाला म्हणाली की ॲक्टिंग फार नॅचरल आहे.

घरचं माझं स्वयंपाकघर आता दिवसभर माझं एकटीचं असतं. हळद मधल्या वाटीत असते. तिथं कोणीच नसतं, मीसुद्धा नसते.

परवा दीनानाथांना ताप आला म्हणून मी एकटीच गेले. मोठा ग्रुप आला होता. मी पीठ मळायला घेतलं, लोक वाट बघत उभे राहिले, आणि माझ्या मागे कोणी काही म्हणेना. मला ते पीठ धड कळेना. सैल झालंय की घट्ट, हेच ठरेना. चांगली चाळीस वर्षं कणीक मळलेली बाई मी. इतकं ओकंबोकं वाटलं, की पिठाचा हात पुसून त्या बॉनेटमधूनच मी यांना फोन लावला.

"अहो," मी म्हटलं, "पाणी जास्त झालंय का हो?"

पलीकडून आधी खोकला आला. मग दीनानाथ म्हणाले, "तू विचारतेयस म्हणजे झालंच असणार."

मी फोन ठेवून दिला. झालंच होतं.